दार मिटल्यावर : मांजराचा नवा संसार

जुन्या मराठी घरात मांजर पाळले जात नसे. ते घरात असे. ओटी, माजघर, माळा, परसू आणि शेजारची कौले एवढा त्याचा मुलूख. दिवसातून दोन वेळा त्याने चुलीपाशी हजेरी लावावी, वाटीभर दूधभात खावा, कणगीमागचा उंदीर टिपावा आणि उरलेला वेळ ते कोठे घालवते याची कोणी चौकशी करू नये, असा हा उभयपक्षी मान्य करार होता. करार फार जुना आहे. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे एक दफन सापडले असून त्यात मनुष्याच्या सांगाड्याशेजारी मांजराचा सांगाडा आहे. धान्याच्या साठ्यामागून उंदीर आले, उंदरांमागून मांजर आले. मात्र या कराराचे एक मूलभूत कलम होते : दार उघडे राहील.

बंगळूरच्या आग्नेयेस असलेल्या सर्जापूर रोडवर हे कलम पाळणे कठीण झाले आहे. ईबलूरच्या चौकापासून कारमेलाराम, दोम्मसंद्र अशी गावे घेत हा रस्ता सर्जापूरला जातो. एके काळची ही शेतांची आणि तळ्यांची भूमी. आज तेथे उंच निवासी इमारतींच्या रांगा आहेत, आणि त्यांत संगणक-व्यवसायानिमित्त आलेली मराठी कुटुंबेही बरीच आहेत. तळघरात, उभ्या मोटारींच्या खाली, एखादी मांजरी विते. पिल्ले मोठी होतात. त्यांतले एखादे मुलांच्या पायांत घोटाळू लागते आणि एके दिवशी नवव्या मजल्यावरच्या घरात येते. खाली वेगवान रहदारी, मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या आणि संसर्गजन्य रोग; वर सुरक्षित चार भिंती. निवड सोपी वाटते. पण चार दिवसांतच ते जनावर रात्रभर दाराशी ओरडू लागते, आणि घरातील वडीलधारी मंडळी विचारतात, ‘या मुक्या जिवाला कोंडून कोणते पुण्य लागणार आहे?’

प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर मायेने देता येत नाही, व्यवस्थेने द्यावे लागते. बाहेरच्या मांजराला बाहेर नेमके काय मिळत होते ते ओळखावे, आणि त्यातील एकेक गोष्ट आत उभी करावी.

प्रारंभ पशुवैद्यापासून व्हावा. जंत व पिसवा यांवर उपचार, घातक आतड्याच्या विषाणुरोगाविरुद्ध आणि रेबीजविरुद्ध लस, आणि योग्य वयात नसबंदी. नसबंदीने बोक्याची भटकंती व जागोजागी मूत्र शिंपडण्याची खोड पुष्कळ कमी होते, मांजरीचे माजावर येणे थांबते. निम्मा आक्रोश येथेच शमतो. या दिवसांत भेदरलेल्या मांजराने चावा घेतला, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ डॉक्टरांकडे जावे; घरगुती लेपावर विसंबू नये.

दुसरी पायरी, सारे घर एकदम खुले न करणे. मांजराची ओळख वासातून होते. ते गाल घासते तेव्हा स्वतःचा वास तेथे ठेवते आणि ती जागा आपली करते. म्हणून आरंभी एकच शांत खोली द्यावी. लपावयास एक खोके, त्यात जुने फडके, पाणी, अन्न. ते आपण होऊन बाहेर डोकावू लागले, म्हणजे पुढची खोली उघडावी. याला चार दिवस लागतील किंवा चार आठवडे. ओढून बाहेर काढलेले मांजर अधिकच आत शिरते.

तिसरी गोष्ट मलमूत्राची. मांजराला उकरून पुरावयाची माती हवी असते. पाश्चात्त्य घरांत त्यासाठी राख किंवा वाळू ठेवीत. १९४७ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात एडवर्ड लो यांनी मुलतानी मातीच्या जातीची शोषक माती शेजारणीस दिली, आणि त्यातून एक नवा व्यापार उभा राहिला. मांजर बारमाही घरात राहू शकते, यामागे या सामान्य मातीचा वाटा मोठा आहे. मातीचे पात्र अन्नापासून दूर, वर्दळ नसलेल्या कोपऱ्यात ठेवावे आणि रोज साफ करावे. फरशी पुसण्यास फिनाईल वापरू नये. असली द्रव्ये मांजराला विषासमान आहेत, आणि ते आपले पंजे चाटते.

चौथी गोष्ट उंचीची. भिंतीवरून जग न्याहाळणारे मांजर जमिनीवर अस्वस्थ असते. खिडकीशी एक फळी, कपाटावर चढण्याची वाट आणि काथ्याची दोरी गुंडाळलेला भक्कम खांब एवढ्याने सोफ्याचे आयुष्यही वाढते. सज्जाला मात्र तारेची भक्कम जाळी हवी. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी मांजर कुरतडू शकते. मांजर कितीही उंचावरून पडले तरी पायांवर उतरते, या समजुतीने पुष्कळांचा घात केला आहे. न्यूयॉर्कमधील एका पशुरुग्णालयाने १९८७ साली इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची पाहणी प्रसिद्ध केली; उपचार झालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचली. आकडा दिलासा देणारा वाटतो. पण जी जागीच गेली, ती रुग्णालयात आणलीच गेली नाहीत.

पाचवी गोष्ट शिकारीची. मांजर प्रहर-संधीचे जनावर आहे. पहाटे आणि तिन्हीसांजेला त्याचे रक्त उसळते. त्या वेळी दोरीला बांधलेले पीस घेऊन दहा-पंधरा मिनिटे त्याला धावू द्यावे, शेवटी पकडू द्यावे आणि लगेच जेवू घालावे. शिकार, भोजन, स्नान, निद्रा हा त्याचा स्वाभाविक क्रम पुरा झाला, की रात्र बरीच शांत जाते. त्याउपर ते ओरडले तर दार उघडू नये. दहाव्या हाकेला दार उघडले, तर दहा हाका माराव्या लागतात एवढाच धडा ते घेते.

आहाराविषयी शाकाहारी घरांनी सत्य स्वीकारणे बरे. मांजर निसर्गतः मांसाहारी आहे. टॉरिन हे द्रव्य त्याला अन्नातून मिळावेच लागते. ते नसेल तर डोळे आणि हृदय अधू होतात. दूधभाताची वाटी बाहेरच्या उंदरांच्या भरवशावर चालत होती. उंदीर गेले, म्हणजे तो पोषक आहार घरधन्याने द्यावयास हवा. आणि प्रौढ मांजरांपैकी पुष्कळांना दूध पचत नाही हेही लक्षात ठेवावे.

असेही मांजर असते, की जे पहिल्या काही आठवड्यांत माणसाच्या हातास कधी लागलेलेच नाही. प्रौढ झाल्यावर त्याला खोलीत कोंडणे ही दया नव्हे. त्याची नसबंदी करावी, लस टोचावी, खाली सुरक्षित जागी अन्नपाणी ठेवावे. तेवढ्याने माणसाचे कर्तव्य पार पडते.

बाकीच्यांच्या बाबतीत निर्णय व्हावा तो मांजराच्या वर्तनावरून. ते खातेपिते, स्वतःला चाटून स्वच्छ ठेवते, उन्हाच्या तिरिपेत पोट वर करून झोपते, येणाऱ्याच्या पायाला गाल घासते. तर ते कैदी राहिलेले नाही. मोठी मांजरे एकमेकांशी फारसे ‘म्याव’ करीत नाहीत. ती हाक मुख्यतः माणसासाठी आहे. दार उघडे ठेवण्याचे कलम माणसाने एकतर्फी रद्द केले आहे. त्या हाकेला रोज उत्तर देणे, हे त्याच्या बदल्यात त्याने स्वीकारलेले नवे कलम होय.