घरातील सोनेरी वेल

मनीप्लँटची वेल दुसऱ्याच्या घरून गुपचूप खुडून आणली तरच ती लाभते, असा एक समज आपल्याकडे चांगलाच रुजलेला आहे. चोरीने संपत्ती वाढते की नाही, ह्याचा निवाडा आम्ही नीतिशास्त्रज्ञांवर सोपवतो. वेल वाढण्याशी मात्र चोरीचा काही संबंध नाही. पेरासकट कापलेला तुकडा मागून आणा की चोरून आणा, पाण्यात ठेवला की काही आठवड्यांत तो मुळे धरतो. ह्या सोशिकपणामुळे ही वेल घरोघर पोचली आणि ह्याच सोशिकपणामुळे तिची आबाळही होते. जी तक्रार करीत नाही, तिला काही लागतच नाही असे आपण धरून चालतो.

तिचे माहेर पॅसिफिक महासागरातील मोरेआ हे बेट. १८८० मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. पुढे तिची नावे अनेकदा बदलली आणि १९६४ मध्ये 'एपिप्रेम्नम ऑरियम' हे आजचे नाव तिला मिळाले. 'ऑरियम' म्हणजे सोनेरी. तिला फुले जवळजवळ येतच नाहीत. फुलण्यास लागणारे जिबरेलिन हे संप्रेरक तिच्यात पुरेसे तयार होत नाही, असे २०१६ मध्ये संशोधकांना आढळले. म्हणून तिचा सारा विस्तार फांद्यांच्या तुकड्यांवरच चालतो.

आता पानांवरील सोन्याकडे वळू. पान प्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करते ते हरितद्रव्याच्या बळावर. पिवळ्या चट्ट्यांत हे हरितद्रव्य फारच थोडे असते. म्हणजे हिरवा भाग कमावतो आणि पिवळा भाग त्या कमाईवर जगतो. अंधाऱ्या कोपऱ्यात कमाई घटली की नवी पाने अधिकाधिक हिरवी येऊ लागतात, लहान होतात आणि पेरांतील अंतर वाढते. वेल मरत नाही, म्हणून आपणांस वाटते सारे ठीक आहे. वस्तुतः ती काटकसर करीत असते. तिला खिडकीजवळ भरपूर उजेड द्यावा. सकाळचे कोवळे ऊन चालते, दुपारचे मात्र टाळावे, कारण त्याने पिवळा भाग आधी करपतो. एखादी फांदी अगदीच हिरवी झाली असेल, तर चांगले पट्टे असलेल्या पानापर्यंत ती मागे छाटावी. नवी रोपे करण्यासाठीही पट्टेदार फांदीच निवडावी.

दुसरी गोष्ट पाण्याची. कुंडीतील वेल तहानेपेक्षा अतिपाण्यानेच अधिक दगावते. मुळांनाही हवा लागते. माती सतत चिंब राहिली की ती कुजतात. वरची इंचभर माती बोटाने चाचपावी आणि ती कोरडी लागली तरच पाणी घालावे. पावसाळ्यात आपल्याकडे माती दिवसेंदिवस ओली राहते, तेव्हा तर हात आखडताच घ्यावा. कुंडीला खाली भोक असावे आणि मातीत थोडी वाळू व कुजलेले शेणखत मिसळावे. काथ्या गुंडाळलेल्या काठीचा आधार दिल्यास वर चढणाऱ्या वेलीची पाने मोठी होतात. लोंबती ठेवली तर लहान राहतात.

पुष्कळ घरांत ही वेल बाटलीतील पाण्यात असते. तेथे प्रश्न केवळ वेलीचा उरत नाही. डेंग्यू पसरविणारा एडिस डास घरातल्या अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आपल्या हवेत आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. म्हणून आठवड्यातून एकदा पाणी पूर्ण ओतून टाकावे व बाटली आतून घासावी. नुसते पाणी बदलणे पुरेसे नाही, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात.

ही वेल अळू-सुरणाच्या कुळातली आहे. अळवाची खाज ज्या सूक्ष्म सुयांसारख्या स्फटिकांमुळे सुटते, तेच हिच्याही पानांत असतात. रांगती मुले आणि मांजरे यांच्यापासून ती उंचावर ठेवावी.

ती घरातील हवा शुद्ध करते, असेही सांगितले जाते. १९८९ मध्ये अमेरिकेच्या नासा संस्थेने अशा झाडांवर प्रयोग केले खरे, पण ते बंद पेटीत. खेळती हवा असलेल्या खोलीत तसा परिणाम साधायचा, तर दर चौरस मीटरला निदान दहा झाडे लागतील, असे २०१९ च्या एका आढाव्यात दिसून आले. त्यापेक्षा खिडकी उघडणे सोपे, आणि तीच उघडी खिडकी वेलीलाही हवी असते.

तेव्हा घरी गेल्यावर प्रथम आपली वेल उजेडात आणावी आणि बाटलीतील पाणी किती दिवसांचे आहे ते पाहावे. चोरीचा मुहूर्त शोधण्याची काहीच गरज नाही. शेजाऱ्याकडे मागितली, तर तो एक फांदी आनंदाने देईल.