भुलीतला श्वास

श्वास आपण ऑक्सिजनसाठी घेतो, पण पुढचा श्वास कधी घ्यायचा हे बहुतेक वेळा कार्बन डायऑक्साइड ठरवतो. रक्तात तो जरासा वाढला, की शाळेत ‘मस्तिष्कपुच्छ’ म्हणून पाठ केलेल्या भागाला खबर लागते आणि श्वास जोर धरतो.

सेव्होफ्लुरेन, आयसोफ्लुरेन अशी हुंगवायची भुलीची औषधं नेमकी हीच जाण बोथट करतात. गंमत म्हणजे श्वास मंदावत नाही, उलट भराभर चालतो, पण उथळ. कार्बन डायऑक्साइड साठत जातो. जागेपणी धाप लागली असती इतका साठला, तरी शरीर ढिम्म! सर्जनने चिरा दिला की मात्र श्वास पुन्हा वाढतो. वेदनेचं भान नसलं तरी तिचा निरोप मेंदूच्या तळाशी पोहोचतोच. या बाबतीत जुना ईथर सज्जन म्हणायचा. भूल बरीच खोल जाईपर्यंत तो श्वास फारसा दाबत नसे.

भुलीत आधी थांबतं काय, श्वास की हृदय? क्लोरोफॉर्मवरून हा वाद इतका पेटला, की 1888 आणि 1889 मध्ये निजामाच्या हैदराबादेत दोन आयोग बसले. सर्जन एडवर्ड लॉरी यांचा हट्ट होता: नाडी सोडा, श्वास बघा. शेकडो प्राण्यांवरच्या प्रयोगांनंतर आयोगानेही तीच री ओढली. क्लोरोफॉर्म हृदयही एकाएकी बंद पाडतो, हे पुढे लेव्ही या संशोधकाने 1911 मध्ये दाखवलं. श्वासावर नजर ठेवायची शिस्त तरीही टिकली.

मला सर्वांत थक्क करतो तो मानेतला एक पिंड. मेंदूकडे जाणारी धमनी दुभंगते तिथे, दोन्ही बाजूंना एकेक, तांदळाच्या दाण्याएवढा. ऑक्सिजन घटला की बोंब मारायची, हे त्याचं काम. कॅनडात निल आणि गेल्ब यांनी 1978 मध्ये दाखवलं, की पूर्ण भुलीच्या मात्रेच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढ्या हॅलोथेन या हुंगवायच्या औषधानेही या बोंबेला मिळणारा श्वासाचा प्रतिसाद एक तृतीयांशाच्याही खाली जातो. एवढं औषध तर रुग्ण डोळे उघडून बोलू लागल्यावरही अंगात उरलेलं असू शकतं! नव्या औषधांत हा परिणाम सौम्य असतो, इतकंच.

म्हणून रिकव्हरी रूममध्ये ऑक्सिजन लावतात. त्यातही एक मेख आहे: मास्कमधून भरपूर ऑक्सिजन मिळत असेल, तर श्वास अपुरा असतानाही बोटावरचा ऑक्सिमीटर खुशाल 98 दाखवू शकतो, आणि आत कार्बन डायऑक्साइड वाढतच राहतो. त्यामुळे जाणती नर्स आकड्यावर विसंबत नाही. छाती किती फुगते आहे, तेही बघते.