कुकरची शिटी आणि सत्तर ग्रॅमचं गणित

‘डाळ टचटचीत राहिलीय, आणखी दोन शिट्ट्या होऊ दे.’ आपल्याकडे शिजण्याचं माप शिट्ट्यांत मोजतात, आणि त्या भराभर व्हाव्यात म्हणून गॅस मोठा ठेवतात. पण शिटी डाळीबद्दल काहीच सांगत नाही. आतला दाब ठरल्यापेक्षा वाढला आणि जादा वाफ बाहेर पडली, एवढाच तिचा अर्थ.

समुद्रसपाटीला उघड्या पातेल्यातलं पाणी १०० अंश सेल्सियसला उकळतं. मग आच कितीही वाढवा, ते अधिक तापत नाही. नुसतं लवकर आटतं. महाबळेश्वरला, सुमारे १,३७० मीटर उंचीवर, हवेचा दाब कमी म्हणून ते ९५-९६ अंशांनाच उकळतं आणि डाळ रेंगाळते. कुकरमध्ये याच्या उलट घडतं. बाहेरच्या हवेचा असतो त्याच्या जवळजवळ दुप्पट दाब आत तयार होतो आणि पाणी १२० अंशांपर्यंत तापतं. डाळ शिजते ती या तापमानाला किती मिनिटं राहिली त्यावर. म्हणून पहिली शिटी झाली की गॅस बारीक करावा आणि घड्याळ पाहावं. मोठ्या आचेवर दहा मिनिटांत सात-आठ शिट्ट्या होतील, बारीक आचेवर एखाददुसरी; डाळ दोन्हीकडे सारखीच शिजेल. जास्तीच्या शिट्ट्यांत गेला तो गॅस आणि पाणी.

हा दाब ठरवते ती शिटीच. ती जड असते म्हणून वाफ अडते असं वाटतं, पण हातात घेऊन पाहा, किती हलकी लागते! दाब म्हणजे नुसतं वजन नव्हे, ते किती जागेवर पडतं तेही पाहावं लागतं. शिटीखालचं भोक ३ मिलिमीटर व्यासाचं धरलं, तर दर चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब पेलायला अवघे ७० ग्रॅम पुरतात. तोच दाब २० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर मात्र तीनशे किलोंहून अधिक भार टाकतो. वाफ जिरण्याआधी झाकण ओढून उघडू नये ते यासाठी. शिटीवर वरून काही ठेवू नये, आणि हरवली तर दुसऱ्या कुकरची बसवू नये. भोक वेगळं असलं की दाबही वेगळा. हे मी आग्रहाने सांगते, कारण अशी उसनी शिटी मी अनेक घरांत पाहिली आहे. वजनाने दाब आवरण्याची ही युक्ती जुनी आहे. डेनिस पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ मध्ये लंडनमध्ये वाफेचं बंद भांडं दाखवलं, आणि त्याच्या झडपेवरही वजनच होतं.

कानासारखाच हातही चुकीचं सांगतो. थंडीतल्या पहाटे फरशी गार लागते आणि शेजारचा लाकडी पाट उबदार. रात्रभर दोन्ही एकाच खोलीत होते, तेव्हा तापमान एकच. दगड आपल्या तळव्यातली उष्णता झपाट्याने ओढून घेतो, लाकूड सावकाश. त्वचेला कळतो तो उष्णता जाण्याचा वेग. तांबं तर स्टीलच्या पंचवीसपट वेगाने उष्णता पुढे नेतं; स्टीलच्या भांड्यांना तांब्याचा तळ देतात तो त्यासाठी, म्हणजे आच एका जागी साचून भात करपत नाही.

मग घोंगडी तरी गरम असते का? तिच्यात नुसता तापमापक गुंडाळून ठेवा, तो खोलीचंच तापमान दाखवेल. ऊब आपल्या अंगाची. लोकरीत अडकलेली हवा ती बाहेर जाऊ देत नाही. तसंच बाहेरची उष्णताही ती आत येऊ देत नाही, म्हणून तीच घोंगडी बर्फावर टाकली तर बर्फ उशिरा वितळतो. बर्फवाले लादी भुशात आणि गोणपाटात ठेवतात ते याच कारणाने. १८३३ मध्ये बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने जहाजातून सुमारे १८० टन बर्फ कोलकात्याला पाठवला. चार महिन्यांचा प्रवास, वाटेत दोनदा विषुववृत्त ओलांडलं, आणि तरी १०० टनांच्या आसपास बर्फ शाबूत उतरला.