यंत्राला अक्षता दिसत नाहीत

'सैरंध्री'तला कीचकवध बघून 1920 साली प्रेक्षक हादरले होते. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात उभा केलेला तो प्रसंग इतका खरा वाटला, की पुढे सेन्सॉरने त्याला कात्री लावली. आज कात्री लावायलाही काही उरलेलं नाही. तो प्रसंग गेला, अख्खा चित्रपटही गेला.

संपादकांनी मला कोल्हापूरला पाठवलं ते वेगळ्याच कामासाठी. "एआयने जुने व्हिडिओ नवेकोरे करून देतात म्हणे, जरा बघून ये," एवढंच त्यांचं म्हणणं होतं. पण कोल्हापुरात जाऊन जुन्या चित्रांबद्दल लिहायचं आणि बाबूरावांना वगळायचं, हे जमण्यासारखं नाही. परदेशी कॅमेरा मिळवणं अवघड, म्हणून आनंदराव आणि बाबूराव या भावांनी तो स्वतःच बनवायला घेतला. 1916 साली आनंदराव गेले. बाबूरावांनी सहकारी दामल्यांना हाताशी धरून कॅमेरा पुरा केला आणि तानीबाई कागलकरांच्या पैशाच्या आधारावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. त्याच कंपनीत तयार झालेल्या माणसांनी 1929 साली इथेच 'प्रभात' ही चित्रपट कंपनी काढली. 1933 मध्ये ती पुण्याला गेली. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ गांधीहत्येनंतरच्या 1948 च्या जाळपोळीत सापडला, तेव्हा तयार झालेला 'मीठ भाकर' जळाला. भालजींनी तो पुन्हा पहिल्यापासून चित्रित केला. 2003 साली पुण्यात लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा राख झाला. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या मूकपटांपैकी 'मुरलीवाला'सारख्या एखाद-दुसऱ्याचे तुकडे तेवढे उरले आहेत. जे जळालं ते कुठलंही यंत्र परत आणणार नाही. हे आधीच सांगते, कारण एआयची जाहिरात वाचून लोकांना तसं वाटू लागलं आहे.

म्हणून मी स्टुडिओंच्या भिंती बघत फार वेळ काढला नाही. शाहूपुरीतल्या एका गाळ्यात मात्र रमले. इथले मालक पूर्वी लग्नाचं शूटिंग करायचे. आता लोक घरातल्या जुन्या कॅसेट घेऊन येतात आणि पेनड्राइव्ह घेऊन जातात. गाळ्यात तीन व्हीसीआर, एक जाडजूड ग्राफिक्स कार्ड बसवलेला कॉम्प्युटर आणि भिंतीला लागून कॅसेटचे ढीग. काही कॅसेटच्या खिडकीत अजून गाळ दिसतो. पंचगंगेचं पाणी 2019 च्या ऑगस्टमध्ये घराघरांत शिरलं होतं, त्यातल्या त्या.

मी गेले तेव्हा ते एक कॅसेट उजेडात धरून बघत होते. रिळाच्या कडेला पांढरी भुकटी होती. बुरशी. कोल्हापूरच्या पावसात बंद कपाटात राहिलेल्या कॅसेटला ती हमखास धरते. अशी कॅसेट तशीच व्हीसीआरमध्ये घातली, तर बुरशी हेडला चिकटते आणि पुढची प्रत्येक कॅसेट खराब करते. त्यांनी मागचे पाच स्क्रू काढले, वरचं झाकण उचललं, दोन्ही रिळं जशीच्या तशी बाहेर घेतली आणि तोंडाला मास्क लावून टेप हाताने फिरवत मऊ कापडाने पुसायला घेतली. अर्धा इंच रुंद टेप, तीन तासांच्या कॅसेटमध्ये अडीचशे मीटरहून जास्त. पुसून झालेली रिळं त्यांनी दुसऱ्या स्वच्छ खोक्यात बसवली. "आधी ही हमाली," ते म्हणाले. "एआय-बियाय मागनं. टेप फाटली तर एआय काय दाखवणार?"

या हमालीविषयी कुठल्याही सॉफ्टवेअरच्या पानावर एक ओळ नसते. पण निम्मा निकाल इथेच लागतो. व्हीसीआरमधलं हेडचं गोल ड्रम सेकंदाला 25 फेरे घेतं आणि टेपवर तिरक्या ओढलेल्या, केसापेक्षा बारीक रेघा वाचतं. हेड मळलेलं असेल, टेप किंचित ताणली गेली असेल, तर चित्र वर-खाली थरथरतं. ती थरथर एकदा कॉम्प्युटरमध्ये उतरली, की पुढचं एआय मॉडेल तिलाच चित्राचा भाग समजतं. त्यात जुन्या व्हिडिओची फ्रेम दोन हप्त्यांत भरलेली असते: आधी एकाआड एक ओळी, मग राहिलेल्या. माणूस हलला की त्याच्या कडेला दाते दिसतात. मालक त्याला 'कंगवा' म्हणतात. तो कंगवा आधी काढावा लागतो. तसं न करता चित्र थेट मोठं (अपस्केल) केलं, तर यंत्र एकेक दात चांगला ठळक करून देतं.

त्यानंतर एआयची पाळी. इथे एक हिशेब मांडायला हवा. कॅसेटवरून उतरवलेल्या फ्रेममध्ये 720 गुणिले 576, म्हणजे साधारण 4 लाख 15 हजार ठिपके असतात. ते चौकटीचं चित्र फोरके पडद्याच्या उंचीला नेलं, की 2880 गुणिले 2160, म्हणजे 62 लाखांवर ठिपके लागतात. पंधरापट. नव्या चित्रातल्या दर पंधरा ठिपक्यांपैकी चौदा टेपवर कधी नव्हतेच. ते यंत्राने घातलेले असतात. यंत्राने शिकताना लाखो स्पष्ट चित्रं आणि त्यांच्या मुद्दाम बिघडवलेल्या प्रती पाहिलेल्या असतात. अमुक तऱ्हेचा धूसरपणा दिसला की मूळचं चित्र बहुधा अमुक असावं, एवढंच त्याला कळतं. तो अंदाज पुष्कळदा थक्क करणारा असतो. सुमारे तीस वर्षांपूर्वीच्या एका लग्नातली मांडवाची झालर, हळदीची वाटी, नवरदेवाच्या फेट्याची घडी मी पडद्यावर उमलताना पाहिली, आणि ते पाहून मला खरोखर आनंद झाला.

मग मंगलाष्टकं आली आणि मालकांनी चित्र थांबवलं. "आता अक्षता बघा." मूळ टेपमध्ये 'सावधान' होताच पांढऱ्या ठिपक्यांचा पाऊस पडत होता. साफ केलेल्या चित्रात लोकांचे हात वर जात होते आणि त्या हातांतून काहीच सुटत नव्हतं. वधूवरांच्या अंगावर एकही दाणा नाही. साऱ्या मांडवाने हात झटकावेत, तसं ते दृश्य झालं होतं.

याचं कारण यंत्राच्या मूळ रचनेत आहे. कचरा ओळखण्यासाठी ते मागची आणि पुढची फ्रेम ताडून बघतं. जो ठिपका एकाच फ्रेममध्ये दिसतो, आधी नसतो आणि नंतरही नसतो, तो धूळ किंवा टेपवरचा डाग. हा नियम बहुतेक वेळा बरोबर ठरतो. पण उडती अक्षता नेमकी तशीच वागते: एका फ्रेममध्ये इथे, पुढच्या फ्रेममध्ये भलतीकडेच. पाऊस, ठिणग्या, उधळलेला गुलाल यांचंही तेच. जगभरचे फिल्म दुरुस्त करणारे लोक हे जाणतात. म्हणून मोठ्या प्रयोगशाळांत आपोआप पुसलेलं काम माणूस पुन्हा बघतो. शाहूपुरीतल्या गाळ्यात तो माणूस एकच. तीन तासांच्या कॅसेटमध्ये 2 लाख 70 हजार फ्रेम असतात. सगळ्या बघणं शक्य नाही. त्यांनी स्वतःपुरता तोडगा काढला आहे: मंगलाष्टकांची पाच-दहा मिनिटं वेगळी कापायची, त्यांच्यावर सफाई अगदी हलकी चालवायची आणि खरखर राहिली तर राहू द्यायची. या माणसाबद्दल मला आदर वाटला तो या खरखरीमुळे.

कुस्तीच्या कॅसेटची अडचण निराळी. खासबाग कुस्ती मैदानातल्या एका जुन्या लढतीची टेप एका तालमीने आणून दिली होती. हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून दोन फ्रेमच्या मध्ये तिसरी फ्रेम रचणारी मॉडेलं आता सहज मिळतात. चालणाऱ्या माणसावर ती छान चालतात. पण एकाने धोबीपछाड मारली आणि दोन अंगं एकमेकांआड गेली, की यंत्राला कुठला पाय कुणाचा हे उमगत नाही. रचलेल्या फ्रेममध्ये खालच्या पैलवानाची मांडी वरच्याच्या कमरेतून उगवली होती. डाव संपायच्या आत ती फ्रेम निघूनही जाते, डोळ्याला फक्त काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. ज्या शहरात डावाचा बारकावा पारखणारी नजर अजून आहे, तिथे हा दोष लहान नाही.

मग 2020 साली डेनिस शिर्याएव्हने ल्युमिएर बंधूंच्या आगगाडीच्या चित्रपटाचा 1896 चा तुकडा एआय वापरून फोरके करून दाखवला आणि जग चकित झालं, ते कसं? तो तुकडा 35 मिलिमीटर फिल्मवरचा होता आणि त्याच्या हाती चांगली स्कॅन केलेली प्रत होती. फिल्मच्या कणांत तपशील दडलेला असतो, तो काढता येतो. व्हिडिओ टेपवर तो मुळातच उतरलेला नसतो. केंद्र सरकारने 2022 मध्ये सुमारे 2,200 चित्रपटांच्या जतनासाठी 363 कोटी रुपये जाहीर केले. भर आहे तो फिल्मवर, आणि ते योग्यच आहे. पण कोल्हापूरच्या घराघरांतलं लग्न, बारसं, तालमीची जत्रा, आजोबांची एकसष्टी हे सगळं टेपवर आहे, आणि त्यासाठी कुठलंही अभियान नाही.

मला खरी काळजी वाटते ती चेहऱ्यांची. त्याच लग्नात मागच्या रांगेत एक म्हातारी बसली होती. मूळ चित्रात तिच्या कपाळावर हिरवट गोंदण अंधूक दिसत होतं. साफ केलेल्या चित्रात गोंदण गेलं, गालावरचे देवीचे व्रण गेले, कातडी तुकतुकीत झाली. मांडवावरच्या 'शुभविवाह' या पाटीची अक्षरं रेखीव झाली, पण कुठल्याच लिपीतली राहिली नाहीत. पाटीचं खोटेपण कुणालाही कळतं. म्हातारीचं कळायला तिला पाहिलेलं माणूस लागतं. "मशिनला काय म्हाईत त्यांची आज्जी कशी दिसायची?" मालक म्हणाले. "गिऱ्हाइकाला बी आता आठवत न्हाई. ते म्हनत्यात, झकास झालंय."

2020 सालीच धूसर चेहरे स्पष्ट करणाऱ्या 'पल्स' नावाच्या एका एआय साधनाला बराक ओबामांचं ठिपक्याठिपक्यांचं चित्र दिलं, तेव्हा त्याने एका गोऱ्या माणसाचा चेहरा काढून दिला होता. 2024 मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या न्यायाधीशांनी खुनाच्या खटल्यात एआयने उजळलेला व्हिडिओ पुरावा म्हणून घ्यायला नकार दिला. न्यायालयात जे चालत नाही, ते घरच्या आठवणीत बिनबोभाट चालून जातं. गिऱ्हाइकांची मुलं हाच उजळलेला चेहरा पणजीचा म्हणून ओळखतील आणि कुणी हरकत घेणार नाही.

त्यात वेळ थोडा आहे. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, 2016 साली थांबली. नवीन हेड मिळत नाहीत. मालक भंगारातून जुने व्हीसीआर आणून एकाचा भाग दुसऱ्याला लावतात. त्यांच्या तीनपैकी एक त्या दिवशी बंदच होता. आणि चमकदार फाइल हाती आली की लोक कॅसेट परत न्यायला येत नाहीत. भिंतीजवळच्या ढिगात अशा बेवारस कॅसेट कितीतरी आहेत.

म्हणून वाचकांना एक विनंती. घरात कॅसेट असेल तर या पावसाळ्याआधी बाहेर काढा. ती साधी, जशी आहे तशी उतरवून घ्या आणि ती खरखरीत फाइल दोन ठिकाणी ठेवा. हौस असेल तर एआयने उजळलेली प्रत वेगळी करून घ्या आणि तिच्या नावात तसं स्पष्ट लिहा. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला दोन्ही प्रती शेजारी-शेजारी दाखवा, कोण कोण आहे ते विचारा आणि लिहून ठेवा. मूळ कॅसेट दुकानातून परत आणा. दहा वर्षांनी येणारं यंत्र अक्षता आणि धूळ यांतला फरक कदाचित ओळखेल, पण त्यालाही वाचायला तीच टेप लागणार आहे.