आजोबांची पेटी आणि एक न उडालेले यान

गेल्या दिवाळीत मी आजोबांची लाकडी पेटी ‘नवी’ केली. आजोबा सुतार. पॉलिश पेपरने पेटी आतून-बाहेरून घासली आणि वर तपकिरी ऑइलपेंटचे दोन हात मारले. संध्याकाळी वडिलांनी झाकण उघडले नि विचारले, “त्या रेघा कथा गयात रे?” आजोबा शाळेत गेले नव्हते. कुणाकडून किती येणे आहे, ते झाकणाच्या आत पेन्सिलीच्या रेघा ओढून मांडून ठेवीत. मी तो मळ समजलो होतो.

पुढे एका अवकाशयानाची हकीकत वाचनात आली. हे यान कधी उडालेच नाही! १९६६ ते १९६९ या काळात अमेरिकेत टेलिव्हिजनवर ‘स्टार ट्रेक’ ही मालिका चालली. तिच्यातील ‘एंटरप्राइज’ या यानाची ही प्रतिकृती. मॅट जेफरीज यांच्या आराखड्यावरून ती १९६४ साली कॅलिफोर्नियात तयार झाली. लांबी सुमारे ११ फूट, वजन सुमारे ९० किलो. साहित्य पॉपलरचे लाकूड, प्लास्टिक आणि पत्रा. म्हणजे बरेचसे सुतारकामच म्हणा ना! कॅमेरा उजव्या बाजूनेच लागे. म्हणून डावी बाजू अपुरीच ठेवली, आणि आतल्या दिव्यांच्या तारा तिकडून बाहेर काढल्या.

१९७४ साली ही प्रतिकृती स्मिथसोनियन संस्थेकडे आली. पुढे तिची अनेकदा डागडुजी झाली, रंगही चढले. आपल्याकडे मारुतीवर शेंदराची पुटे चढतात, तसेच. २०१४ मध्ये तज्ज्ञांनी ती हाती घेतली, तेव्हा खरा प्रश्न रंगाचा नव्हताच. मूळ रूप म्हणजे कोणत्या दिवसाचे? कारण चित्रीकरण चालू असतानाही तिच्यात फेरफार होत होते. शेवटी त्यांनी ऑगस्ट १९६७ ही वेळ ठरवली. मालिकेच्या काळातले शेवटचे माहीत असलेले बदल तेव्हाचे. लोकांकडून जुनी छायाचित्रे मागवली. आतले सांधे पाहण्यासाठी माणसासारखे एक्स-रे काढले. थराखालचे थर तपासून मूळ करडी छटा शोधली.

मला सर्वांत आवडले ते वेगळेच. वरच्या तबकडीच्या माथ्यावरचा मूळ रंग टिकून होता. त्यावर नवा हात न मारता तो जपला, आणि बाकीचा रंग त्याच्याशी जुळवून घेतला. डावी बाजूही अपुरीच राहू दिली. दिवे मात्र नवे, एलईडीचे बसवले. जुन्या दिव्यांच्या उष्णतेने आतून इजा होण्याची भीती असते. २०१६ पासून ही प्रतिकृती वॉशिंग्टनच्या हवाई व अवकाश संग्रहालयात मांडली गेली, खऱ्या विमानांच्या नि यानांच्या पंक्तीत. कुणी म्हणेल, नाटकातल्या लाकडी तलवारीला एवढा मान कशाला? मला तसे वाटत नाही. ती ज्यांनी रंधली, त्यांचे हात तर खरे होते.

असो. परवा पेटीच्या झाकणावरची पत्र्याची जुनी पट्टी सैल झाली. खाली चार रेघा निघाल्या, पॉलिश पेपर न लागलेल्या. वडिलांनी त्या बोटाने मोजल्या. पट्टी अजून पुन्हा ठोकलेली नाही.