‘नो’ हा शब्द कुठे गेला?

आमच्या एक सहकारी बाई निवृत्तीनंतर काही महिने अमेरिकेत मुलीकडे राहून आल्या. तिकडच्या अनेक गोष्टी त्यांनी सांगितल्या, पण त्यातली एक आमच्या डोक्यात घर करून राहिली. त्यांच्या नातवाला दुधाची ॲलर्जी आहे. दूध, चीज थोडे जरी पोटात गेले तरी अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास लागतो. एका रात्री प्रवासात सगळी मंडळी एका बर्गरच्या दुकानाशी थांबली. थांबली म्हणजे गाडीतून उतरली नाहीत. वाटेत एक खांब होता. त्याच्याकडे तोंड करून जावयांनी काय काय हवे ते सांगितले आणि नातवाच्या बर्गरपाशी येऊन जरा थांबून म्हणाले, “नो चीज”. पुढच्या खिडकीतून पुडके हातात आले. बाईंनी सवयीने कागद उघडून पाहिला, तर पावात चीजचा पिवळा चौकोन!

खिडकीतली मुलगी बिचारी रडकुंडीला आली. तिला फक्त ‘चीज’ ऐकू आले होते. जावई म्हणत होते, मी ‘नो’ स्पष्ट म्हटले. बाई गणिताच्या शिक्षिका. त्यांचा प्रश्न असा, की दोघेही खरे बोलत असतील तर ‘नो’ गेला कुठे?

उत्तर शोधायचे तर आधी तो खांब समजून घ्यायला हवा. गाडीत बसल्या बसल्या खाद्यपदार्थ घेण्याच्या या पद्धतीला तिकडे ‘ड्राइव्ह-थ्रू’ म्हणतात. १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातील बाल्डविन पार्क या गावी हॅरी आणि एस्थर स्नायडर या दांपत्याने ‘इन-एन-आउट’ हे दुकान काढले आणि तेथे दोन्ही बाजूंनी बोलता येईल असा स्पीकर बसवला. १९५१ मध्ये सॅन दिएगो येथे ‘जॅक इन द बॉक्स’ हे दुकान निघाले. त्यांचा स्पीकर विदूषकाच्या आकृतीत होता. ‘मॅकडोनाल्ड’ने मात्र पहिली अशी खिडकी १९७५ मध्ये, ॲरिझोनातील सिएरा व्हिस्टा येथे उघडली. कारण गमतीचे आहे. जवळच सैन्याचा तळ होता आणि कवायतीच्या गणवेशात तळाबाहेर गाडीतून उतरायला सैनिकांना परवानगी नव्हती.

गाडी खांबापाशी आली हे आतल्या माणसाला कसे कळते? रस्त्यात, डांबराखाली, तारेचे काही वेढे पुरलेले असतात. त्यातून प्रत्यावर्ती विद्युतप्रवाह खेळत असतो. वर गाडी आली की तिच्या पत्र्यात भोवऱ्यासारखे प्रवाह निर्माण होतात. दहावीच्या पुस्तकातले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. त्यामुळे वेढ्याचे विद्युत गुणधर्म किंचित बदलतात, तो बदल यंत्र टिपते, आतल्या माणसाच्या कानात ‘टिंग’ वाजते आणि खांबातला माइक सुरू होतो. माइकचा आवाज तारेने दुकानात येतो आणि तेथून रेडिओलहरींनी कर्मचाऱ्याच्या डोक्यावरच्या हेडसेटमध्ये. रस्त्याला तडा जाऊन हे वेढे तुटले, तर माइक सुरूच होत नाही आणि गिऱ्हाईक खांबाशी एकटेच बोलत बसते.

आता खांबासमोर गाडीचे इंजिन घुरघुरत असते, मागे आणखी दोन गाड्या असतात, वारा असतो, पाऊस असतो. या सगळ्यांतून माणसाचा आवाज वेगळा काढायचा. पुष्कळांना वाटते, ऐकू येत नाही ना, मग आवाज मोठा करा. पण बटण फिरवले की जावयांचा आवाज जेवढ्या पटीने वाढतो तेवढ्याच पटीने इंजिनाचाही वाढतो. महत्त्व आवाजाच्या मोठेपणाला नसून बोलण्याच्या आणि गोंगाटाच्या गुणोत्तराला आहे, आणि बटणाने गुणोत्तर बदलत नाही. ते बदलते अंतराने. मोकळ्या जागी तोंड आणि माइक यांतले अंतर दुप्पट केले तर माइकपाशी ध्वनीची तीव्रता एक चतुर्थांश होते, म्हणजे ६ डेसिबलने घटते. गाडी हातभर लांब उभी करणारा चालक नकळत आपले बोलणे गोंगाटात बुडवत असतो.

बुडताना सगळे वर्ण सारखे बुडत नाहीत. आपल्या बोलण्यातली बहुतेक ऊर्जा स्वरांमध्ये असते, ती मुख्यतः १००० हर्ट्झच्या खाली. शब्द कोणता हे मात्र बरेचसे व्यंजनांवरून ठरते, आणि व्यंजनांच्या खुणा दुबळ्या आणि वरच्या वारंवारतेच्या असतात. जुन्या टेलिफोनवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जात असे. म्हणून त्यावर इंग्रजीतले ‘एफ’ आणि ‘एस’ वेगळे ओळखणे कठीण जाई. १९५५ मध्ये जॉर्ज मिलर आणि पॅट्रिशिया नाइसली यांनी इंग्रजीतली १६ व्यंजने गोंगाटात ऐकवून कोणते कशाशी गफलत करते याचे तक्ते तयार केले. त्यांना असे दिसले, की व्यंजन मृदू आहे की कठोर, अनुनासिक आहे की नाही, हे बऱ्याच गोंगाटातही टिकते. ते तोंडात कुठे उच्चारले, ओठांशी, दातांमागे की कंठाशी, ही ओळख मात्र लवकर पुसली जाते. एरवी ती उणीव आपण समोरच्याचे ओठ पाहून भरून काढतो. ‘प’ला ओठ मिटतात, ‘क’ला मिटत नाहीत. खांबाला ओठ नसतात आणि आतल्या माणसाला आपले दिसत नाहीत.

पण ‘नो’मधला ‘न’ तर अनुनासिक, म्हणजे टिकणारा. मग?

येथे आमचा संशय दुसऱ्याच जागी जातो. खांबाच्या एकाच पेटीत माइक आणि स्पीकर शेजारी शेजारी असतात. स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरला की तो पुन्हा कर्मचाऱ्याच्या कानात जातो आणि तिला आपलेच बोलणे घुमून ऐकू येते. ते फेरे वाढत गेले तर ती कर्कश शिट्टी सुरू होते, जी प्रत्येक शाळेने पंधरा ऑगस्टला ऐकलेली असते. यावर जुना उपाय असा, की एका वेळी एकानेच बोलायचे. कर्मचारी बटण दाबून बोलते तेव्हा बाहेरचा माइक बंद. काही यंत्रे हे काम आपोआप करतात. आवाज लागला की माइक उघडतात, शांतता झाली की मिटतात. पण उघडायला सेकंदाचा लहानसा भाग लागतो आणि तेवढ्यात पहिले अक्षर निघून जाते. जावई जरा थांबून “नो चीज” म्हणाले, हे आठवा. त्या थांबण्यात माइक मिटला असेल, किंवा ती मुलगी “आणखी काही?” विचारायला बटण दाबून बसली असेल. दोन्ही प्रकारांत ‘नो’ कापला जातो आणि ‘चीज’ शाबूत पोचते. सगळ्या वाक्यात सर्वांत लहान शब्द हरवला आणि अर्थ नेमका उलटा झाला.

नव्या यंत्रांत दोघांनाही एकाच वेळी बोलता येते. स्पीकरमधून काय बाहेर पडले हे यंत्राला ठाऊक असते. त्याचा माइकपाशी येणारा पडसाद कसा असेल याचा ते सतत अंदाज बांधते आणि माइकच्या आवाजातून तेवढा भाग वजा करते. बेल प्रयोगशाळेत १९६० च्या दशकात ही कल्पना उभी राहिली, आणि तिच्यात भारतात जन्मलेल्या मनमोहन सोंधी यांचा मोठा वाटा आहे. दूरच्या टेलिफोनवरचा पडसाद घालवण्यासाठी ती निघाली होती.

या वजाबाकीची एक अट आहे, आणि देखभालीचा विषय येथेच सुरू होतो. स्पीकरने दिलेला आवाज जसाच्या तसा, फक्त कमीजास्त प्रमाणात व थोड्या उशिरा, माइकपर्यंत पोचला तरच अंदाज बरोबर येतो. स्पीकरचा पडदा फाटला असेल किंवा पेटीचा एखादा स्क्रू सैल होऊन पत्रा थरथरत असेल, तर मूळ आवाजात नसलेले नवेच आवाज तयार होतात. ते यंत्राच्या हिशेबात नसतात, म्हणून वजाही होत नाहीत. हजारो रुपयांचे गणिती यंत्र एका सैल स्क्रूपुढे हात टेकते! आमच्या मते सगळ्या विषयातली ही सर्वांत शिकण्याजोगी गोष्ट आहे.

म्हणून चांगल्या दुकानात पेटी अधूनमधून उघडून पाहतात. माइकभोवती स्पंजची गादी असते. ती माइकला स्पीकरपासून अलग ठेवते आणि वारा थेट पडद्यावर आदळू देत नाही. ऊन, दमट हवा आणि काळ यांनी हा स्पंज भुगा होतो. मग वाऱ्याची फडफड आणि पडसाद दोन्ही वाढतात, आणि माणसे महागडे यंत्र बदलायला निघतात. जाळीच्या भोकांत धूळ बसते, कोळी जाळे विणतात, कीटक घर करतात. पाणी बाहेर जाण्याचे भोक बुजले की पेटीत ओल राहते आणि तारांचे सांधे गंजतात. गंजलेल्या सांध्याची खरखर चंचल असते. पावसात येते, उन्हात जाते, आणि दुरुस्ती करणारा आला की हमखास नसते. एकसारखी गुणगुण येत असेल तर ती बहुधा विजेच्या तारांकडून आलेली. अमेरिकेत तिचा सूर ६० हर्ट्झचा किंवा त्याच्या पटीतला, आपल्याकडे ५० चा.

आतली बाजूही पाहायला हवी. हेडसेटचा माइक तोंडाच्या कोपऱ्याशी, ओठांच्या अगदी जवळ हवा; अंतराचा नियम येथेही तोच. तो हनुवटीखाली लोंबत असेल तर तळणीची चरचर आणि पंख्यांचा घोंघावच गिऱ्हाइकाला ऐकू जातो. काही हेडसेट २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी वापरतात. मायक्रोवेव्ह भट्टीही याच पट्ट्यात चालते, आणि ती तर स्वयंपाकघरातच असते. तिथे खरखर येऊ लागली तर अमेरिकेत १.९ गिगाहर्ट्झचे हेडसेट मिळतात. उतरलेल्या बॅटऱ्यांमुळे आवाज तुटतो, हे वेगळे सांगायला नको.

गोंगाटात माणूस आपोआप मोठ्याने बोलू लागतो, हे फ्रेंच वैद्य एतिएन लोंबार यांनी १९११ मध्ये नोंदवले होते. खांब नीट चालत नसेल तर गिऱ्हाईक ओरडते, कर्मचारी कानातला आवाज वाढवते, आणि तो आवाज आठ आठ तास कानाशी असतो. अमेरिकेतील कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला ४ तासच. बाहेरच्या पेटीतला भुगा झालेला स्पंज आतल्या मुलीच्या कानाला असा भोवतो.

ऐकू न येणाऱ्या चालकाला तर खांब कितीही स्वच्छ असून उपयोग नाही. त्याला थेट खिडकीशी जाऊन लिहून दाखवावे लागते. बऱ्याच ठिकाणी आता सांगितलेले पदार्थ पडद्यावर उमटतात. बाईंच्या त्या दुकानात असा पडदा असता तर चूक खांबापाशीच दिसली असती. माणसाऐवजी संगणकाला ऐकायला लावण्याचा प्रयोग ‘मॅकडोनाल्ड’ने शंभराहून अधिक दुकानांत केला आणि २०२४ मध्ये थांबवला. बाईंचे जावई हल्ली “नो” म्हणत नाहीत. “विदाउट चीज” म्हणतात, पुन्हा म्हणून घेतात, आणि कागद तरीही उघडून पाहतात.

आता वर्गासाठी. मिलर-नाइसलींचा प्रयोग मराठीत फार छान होतो, कारण आपल्याकडे हे आठ शब्द तयारच आहेत: काळ, टाळ, पाळ, गाळ, डाळ, बाळ, माळ, नाळ. पहिले तीन कठोर, पुढचे तीन मृदू, शेवटचे दोन अनुनासिक. प्रत्येक शब्द पाच वेळा येईल अशी ४० शब्दांची उलटसुलट यादी करा. एकाने वाचायची, बाकीच्यांनी पाठ करून बसायचे आणि ऐकू आले ते लिहायचे. गोंगाटासाठी दोन केंद्रांच्या मधे लावलेला रेडिओ उत्तम. आम्ही पटांगणात मोपेड चालू ठेवून केला. धूर होतो, म्हणून खोलीत करू नये. आमच्या मुलांना काळ, टाळ आणि पाळ यांत धड काही ठरवता येईना, पण बाळ आणि माळ यांची गल्लत क्वचितच झाली. मग वाचणाऱ्याकडे तोंड करून बसवले, तेव्हा ‘पाळ’ एकदम सुधारला.

आडव्या रांगांत बोललेला शब्द आणि उभ्या स्तंभांत ऐकलेला शब्द असा चौसष्ट घरांचा तक्ता करा. वाचणारा एकदा १ मीटरवर, एकदा ४ मीटरवर उभा करून दोन तक्ते ताडून पाहा. पार, फार, बार, भार हे चार शब्दही घेऊन बघा. महाप्राण गोंगाटात टिकतो की नाही, हे इंग्रजीच्या त्या तक्त्यांतून कळत नाही. तुमचे तक्ते आमच्याकडे जरूर पाठवा. गोंगाट कशाचा होता, तेही लिहा.