जयंतीच्या खाऊत साखर किती?

14 एप्रिलला विहारात वंदना झाली की मुलांच्या हातावर चॉकलेट पडते. डायबेटीसचे आजोबाही एखादे हळूच खिशात टाकतात. बाबासाहेबांना मधुमेहाने किती त्रास दिला हे आपण जाणतो. तेव्हा त्यांच्या जयंतीचा खाऊ थोडा विचार करून वाटायला काय हरकत आहे?

स्वस्त चॉकलेटचे वेष्टन उलटून वाचा. ज्याचे वजन जास्त, त्याचे नाव आधी छापलेले असते. बहुधा पहिले नाव साखरेचेच निघते. कोको बराच मागे.

मोबाईलवर दिसणारी कृती खोबरेल, कोको आणि मध थिजवण्याची. आपल्या किनाऱ्यावर ती फसते. खोबरेल 24 अंशांच्या आसपास वितळते. अलिबाग-मुरुडच्या एप्रिलात फ्रिजबाहेर ठेवले की वडीचे पुन्हा तेल! शिवाय फ्रिज घरोघरी नाही. म्हणून आम्ही खजूर घेतो.

200 ग्रॅम बिनबियांचा मऊ खजूर, 150 ग्रॅम भाजलेले शेंगदाणे (परवडल्यास निम्मे काजू), 3 मोठे चमचे बिनसाखरेची कोको पावडर आणि चिमूटभर मीठ. मिठाने कोकोचा कडूपणा कमी जाणवतो. दाणे जाडसर कुटा. खजूर कडक असेल तर कढईत मंद आचेवर कोमट करून मळा. सगळे एकत्र करून 25 गोळ्या वळा आणि सुक्या खोबऱ्याच्या किसात घोळवा. पाण्याचा हात अजिबात लावू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून चार दिवसांत संपवा.

शेंगदाणे मात्र निवडूनच घ्या. दमट हवेत त्यांना बुरशी धरते. काळपट, सुरकुतलेला किंवा कडवट दाणा टाकून द्या. त्या बुरशीचे विष यकृताला बाधते आणि भाजल्याने पुरते जात नाही.

आता महत्त्वाचे. वरून साखर घातली नाही म्हणजे साखर नाही, असे नव्हे. खजुरात निम्म्याहून अधिक साखरच असते. आमच्या मापाच्या एका गोळीत साधारण एक लहान चमचा साखर येते. गूळ आणि मधाचेही तेच, जरी गुळाला औषध म्हणणारे आपल्याकडे कमी नाहीत. फायदा एवढाच, की खजुराचा चोथा आणि दाण्यांमुळे पोटाला आधार मिळतो आणि एक-दोन गोळ्यांत समाधान होते. मधुमेह असलेल्यांनी एखादीच खावी, तीही आपल्या पथ्यात मोजून.

पाच वर्षांखालच्या मुलांसाठी दाण्यांचे बारीक कूट करा. तुकडा घशात अडकतो. काहींना शेंगदाणा सोसत नाही, म्हणून विहारात वाटताना त्यात काय काय आहे ते आधी सांगा.